एकाच हापशाचं पाणी

सोलापूरहून कोलकात्याला संशोधनासाठी येऊन मला वर्षही झालं नव्हतं. उत्तर चोवीस परगण्यातल्या एका खेड्यात आम्ही रक्त-लघवीचे नमुने घेत होतो. एका मासीमांच्या, म्हणजे मावशींच्या, तळव्यांवर आर्सेनिकने कडक, खरबरीत गाठी आल्या होत्या. शेजारी बसलेल्या जाऊबाईंचे हात मात्र स्वच्छ. मासीमांनी विचारलं, "वीस वर्षं एकाच हापशाचं पाणी, एकाच चुलीवरचा भात. मग मलाच का?"

मी म्हटलं, "तुम्ही जास्त पाणी प्यायला असाल."

त्या काही बोलल्या नाहीत. रक्तासाठी हात पुढे केला. मला उत्तर ठाऊक नव्हतं आणि तसं सांगायचं धैर्यही नव्हतं. माझ्या लेखी आर्सेनिक म्हणजे लिटरमागे किती मायक्रोग्रॅम, एवढंच. १०च्या वर गेलं की धोका.

त्या प्रश्नाची टोचणी लागली म्हणून मी वाचायला बसले. यकृत आर्सेनिकला मिथाइल गट जोडून ते लघवीवाटे बाहेर काढतं. पण अर्ध्या वाटेवरचं एक रूप मूळ विषाहूनही घातक असतं, आणि कुणाच्या शरीरात ही वाट किती पार पडते हे AS3MT या जनुकावरही अवलंबून असतं. पेशीतलं नुकसान भरून काढणं हे दुसरं काम. आर्सेनिक त्या दुरुस्तीतच अडथळा आणतं. २००७ साली कोलकात्याच्याच संशोधकांनी दाखवलं की दुरुस्तीच्या ईआरसीसी२ जनुकाच्या दोन्ही प्रतींत ७५१व्या जागी लायसिनचा संकेत असलेली माणसं तळव्यांवर गाठी आलेल्यांत अधिक आहेत. ते वाचताना मासीमांचा हात डोळ्यांसमोर आला. माझ्या पुढच्या सगळ्या कामाची दिशा त्यांच्या त्या एका प्रश्नाने ठरली. माझ्या गुरूंइतकंच त्यांचं ऋण माझ्यावर आहे.

पुढे पुन्हा त्या गावी गेले. त्यांचा नमुना कोणता हे मला कळणार नव्हतं. नळ्यांवर नावं नव्हती, क्रमांक होते. पण एवढं सांगितलं, "मासीमा, मी चुकीचं बोलले होते. तुमचा काही दोष नव्हता."

त्यांनी जावेकडे बघून विचारलं, "मग हिने ते पाणी प्यावं का?"

"नको," मी म्हटलं. असं पाणी पिणाऱ्या, पण अंगावर गाठी नसलेल्यांच्याही गुणसूत्रांत मोडतोड आढळली होती.

दुसऱ्या दिवसापासून दोघी शाळेजवळच्या फिल्टरच्या नळावर पाण्याला जाऊ लागल्या.