सोलापूरच्या तटाआडची बाग

सोलापुरास गेल्यास सिद्धेश्वराचें दर्शन घेऊन लगतचा भुईकोट किल्ला अवश्य पाहावा. १८१८ च्या मे महिन्यांत जनरल मन्रोच्या फौजेनें तो पेशव्यांच्या शिबंदीकडून घेतला. संस्कृतांत ‘दुर्ग’ म्हणजे जेथें जाणें कठीण तें स्थळ. आज तेथें बाग असून मुलें निर्वेध बागडतात.

मुंबईंत १८६० नंतरच्या दशकांत कोटाचे तट पाडले गेले. तटाबाहेर लष्करानें मोकळी राखलेली जागा मैदानें होऊन उरली. सोलापुरांत मात्र बाग झाली, आणि दुहेरी तट व खंदकही राहिले. लष्करी भूमीवर उद्यान योजणाऱ्यानें हाच कित्ता गिरवावा. याच नगरीवर १९३० च्या मे महिन्यांत लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं तिचे चार सुपुत्र येरवड्यास फांशीं गेले. अशा गांवीं सत्तेची खूण पुसून टाकण्यापेक्षां तिच्याच आवारांत लोकांस निर्भयपणें बसतां यावें, हें अधिक उचित होय.

येथील ऊन कडक, पाऊस बेताचा. म्हणून फुलांच्या ताटव्यांआधीं निंबाची सावली, पिण्याचें पाणी व वृद्धांसाठीं ओटे हवेत. वाचकांनीं मुलांस तेथें न्यावें, आणि तट कोणीं व कशासाठीं बांधतात, हेंही त्यांस सांगावें.