काळजी वाटणे, काळजी घेणे

आपल्यापैकी अनेकांनी डॉक्टरांच्या तोंडून एक वाक्य ऐकले असेल. आईच्या स्मृतिभ्रंशाचे निदान झाले तेव्हा मीही ते ऐकले : ‘यावर क्युअर नाही, आता केअर महत्त्वाची.’ पहिला शब्द म्हणजे आशा आणि दुसरा म्हणजे नाइलाज, असेच मला त्या दिवशी वाटले. पुढे आईच्या उशाशी जागताना एका रात्री शब्दकोश उघडला आणि हा समज ढासळला.

‘क्युअर’ हा शब्द लॅटिन ‘कुरा’पासून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ‘कुरा’ म्हणजे लक्ष, चिंता, देखभाल. संग्रहालयातील वस्तू जपणारा ‘क्युरेटर’ याच कुळातला. ‘सिक्युअर’ म्हणजे मुळात ‘कुरा’वाचून असलेला, निश्चिंत. रोग बरा करणे हा इंग्रजी शब्दाचा आजचा रूढ अर्थ. त्याच्या मुळाशी आहे ती देखभालच.

‘केअर’चा उच्चार ‘कुरा’शी जुळतो, तरी त्याचे कूळ वेगळे, जर्मानिक. जुन्या इंग्रजीतील ‘कारु’ म्हणजे दुःख, घोर. जर्मन लोक गुड फ्रायडेला ‘कारफ्रायटाग’ म्हणतात. त्यातील ‘कार’ याच मुळाचा, अर्थ विलाप. म्हणजे आधी जीव तुटतो, मग हात पुढे होतो.

आपली मराठी हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात सांभाळते. ‘काळजी वाटते’ आणि ‘काळजी घेते’ यांत बदलते ते केवळ क्रियापद.

एकदा वेणी घालताना आईने मला विचारले, ‘बाई, तुम्ही कोणाच्या?’ मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि स्वतःला दुबळी ठरवले. आज तसे म्हणणार नाही. शुश्रूषा करणाऱ्यांनो, तुमचे अश्रू हा सेवेतील उणेपणा नव्हे. तो त्या शब्दाचा सर्वांत जुना अर्थ आहे. मात्र नुसती वाटणारी काळजी माणसाला पोखरते. म्हणून दिवसातून तासभर तरी आपला भार दुसऱ्यावर सोपवा. आणि ज्येष्ठांनो, कोणी हात पुढे केला तर संकोचू नका. त्या हातामागे कोणाचा तरी जीव तुटलेला असतो.

आई बरी झाली नाही. पण मी रोज तिची वेणी घालते. डॉक्टरांच्या त्या वाक्यातील दुसरा शब्द आता मला नाइलाजाचा वाटत नाही.