मोबाईलवरची शाळा आणि आपली फवारणी

कृषी खात्याचा माणूस लिहायला बसला म्हणजे बोंडअळी, खतांच्या मात्रा नाहीतर माती परीक्षण, अशीच तुमची अपेक्षा असणार. आज मात्र सुरुवात शाळेपासून करतो. शेतीशी त्याचा संबंध काय, ते पुढे येईलच.

मी कळंब तालुक्यात विस्ताराचे काम करतो. आमची सौ. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद पडल्या आणि शिकवणे मोबाईलवर आले. तिच्या वर्गातली काही लेकरे कोलाम पोडावरची. त्यांच्या घरी कोलामी बोलतात. ही भाषा तेलुगूच्या कुळातली, मराठीच्या नव्हे. तेव्हा या लेकरांना मराठी खरी भेटते ती शाळेतच. घरात फोन एक, तो बापाच्या खिशात, आणि बाप वावरात. रेंज हवी तर टेकडीवर चढा.

मग ती आठवड्यातून दोनदा तोंडाला रुमाल बांधून पोडावर जाऊ लागली. मोहाच्या झाडाखाली मुलांना अंतराअंतराने बसवायची आणि फोनमध्ये आधीच उतरवून घेतलेली एक गोष्ट ऐकवायची. गोष्ट संपली की फोन पिशवीत. त्यानंतर तासभर मुले तीच गोष्ट आधी कोलामीत आणि मग मराठीत एकमेकांना सांगत. तिच्या मते गोष्ट पाच मिनिटांची, धडा त्या तासाचा.

त्याच वर्षी शिक्षकांचे स्वतःचे शिकणेही मोबाईलवर गेले. केंद्र सरकारचे ‘निष्ठा’ प्रशिक्षण 2019 मध्ये समोरासमोर बसून सुरू झाले होते, ते 2020 मध्ये ‘दीक्षा’ या व्यासपीठावर आले. चित्रफीत पाहायची, प्रश्न सोडवायचे, प्रमाणपत्र घ्यायचे. कोणत्याही ऑनलाइन प्रशिक्षणात चित्रफीत चालू ठेवून भाजी निवडणारे काहीजण असतातच, आणि प्रमाणपत्र त्यांनाही मिळते. आम्हा विस्तारवाल्यांतही असे लोक आहेत.

हिने मात्र आजूबाजूच्या शाळांतले चार मराठी शिक्षक गाठले. रात्री नऊला पाचही जण फोनवर जमत. आज काय पाहिले, आपल्या वर्गात त्यातले काय चालेल, काय चालणार नाही, यावर बोलणे होई. वर्गात मुलांची बोली चालू द्यावी की नाही, यावरून एकदा इतके कडाक्याचे भांडण झाले की मला दुसऱ्यांदा आमटी गरम करावी लागली. पण त्या पाच जणांनी जे पाहिले ते त्यांच्या अंगी लागले, हे मी घरात बसून पाहत होतो.

आमच्या विस्तार शिक्षणाच्या पुस्तकात याचा एक जुना दाखला आहे. 1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतल्या 150 गावांत रेडिओ शेती मंडळे काढली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. गावकरी एकत्र बसून ऐकत, मग त्यावर चर्चा करत, आणि अडलेला प्रश्न केंद्राला कळवत. ही पद्धत मूळची कॅनडातली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली. जिथे मंडळ बसत होते तिथल्या लोकांच्या माहितीत चांगलीच भर पडली. जिथे नुसता रेडिओ होता, मंडळ नव्हते, तिथे ती बरीच कमी. यंत्र तेच, आवाजही तोच, फरक ऐकल्यावरच्या बोलण्याचा.

आता फवारणीकडे येतो. 2017 चा खरीप आपला यवतमाळ जिल्हा विसरणार नाही. फवारणीतल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली. फवारा अंगावर आणि तोंडावर येत होता. त्यानंतर पत्रके निघाली, चित्रफिती निघाल्या. हातमोजे घाला, तोंड-नाक झाका, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, भर उन्हात फवारू नका. माहिती सगळी बरोबर. अशीच एक चित्रफीत मी गावात दाखवणार होतो, ती हिने आधी पाहिली.

“अहो, यातला माणूस बारा वेळा ‘औषध’ म्हणाला.”

“सगळेच म्हणतात.”

“म्हणूनच सांगते. औषध म्हणजे आजीची गोळी. डब्यावर काय छापलेले असते?”

डब्यावर रंगाचा त्रिकोण असतो, हे तुम्ही पाहिले असेल. लाल म्हणजे अतिशय विषारी, पिवळा म्हणजे खूप विषारी, निळा मध्यम आणि हिरवा त्या मानाने कमी. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. लाल आणि पिवळ्याच्या वर चक्क ‘विष’ हाच शब्द असतो.

तेव्हापासून मी चित्रफीत पाच मिनिटे दाखवतो आणि फोन खिशात ठेवतो. मग पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराने आणि पाणी आणून देणाऱ्या बाईने आपल्या शब्दांत सांगायचे, काय पाहिले ते. शेतमालकाने मध्ये बोलायचे नाही. एका बैठकीत एक आजोबा म्हणाले, “साहेब, विष म्हटलं तर सून घरात ठेवू देणार नाही.” सून मागेच उभी होती. दुसऱ्या दिवशी डबे धान्याच्या खोलीतून निघून घराबाहेर कुलपाच्या पेटीत गेले.

‘औषध’ हा शब्द बोलण्यातून जाईल असे मला वाटत नाही. दुकानात उभे राहून दुसरा शब्द तोंडी आणणे आपल्या जिल्ह्यात किती जड जाते, तेही मी जाणतो. सौ.चे म्हणणे, नेमका शब्द लोकांकडेच असेल, विचारायला हवे. म्हणून ती शब्दांची एक वही करत आहे. तुमच्या गावात फवारणीच्या द्रवाला, पंपाला, फवारून आल्यावर डोके गरगरते त्याला काय म्हणतात, ते एका कार्डावर लिहून पाठवा. कोलामी आणि गोंडी शब्दही पाठवा, जसे बोलता तसेच लिहा.