विक्रोळीचा जॉब महेंद्रगिरीला

तिरुवनंतपुरम, बुधवार रात्र

ती. बाबांस सा. नमस्कार.

नेत्रावती वेळेवर पोहोचली. आईने दिलेल्या दशम्या कारवारपर्यंतच पुरल्या.

संध्याकाळी एरोनॉटिकल सोसायटीच्या इथल्या शाखेच्या व्याख्यानाला गेले. संस्था १९४८ची, शाखा देशभर. पण तिरुवनंतपुरमच्या सभेत निम्म्या खुर्च्यांवर अशी माणसं असतात, की ज्यांनी आयुष्यभर रॉकेटचंच काम केलं. माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते. मी विक्रोळीची म्हटल्यावर ते सरसावून बसले. रॉकेटची ‘विकास’ इंजिनं विक्रोळीत बनतात हे त्यांना ठाऊक होतं. तुम्ही आर्गन वेल्डिंगवर होता हे सांगितलं, तर त्यांनी माझा हात हातात घेतला.

त्यांनी जुनी हकीकत सांगितली. १९७४ साली फ्रान्सशी करार झाला. आपण पैशांऐवजी माणसं दिली. एकाच माणसाने केलं असतं तर शंभर वर्षं पुरलं असतं, इतकं काम आपल्या इंजिनिअरांनी तिथे वायकिंग इंजिनावर केलं आणि बदल्यात ती विद्या घेतली. तिच्यातूनच विकास उभं राहिलं. त्याची पहिली चाचणी १९८५ साली फ्रान्समधल्या व्हर्नाँ इथे झाली. घरचं लेकरू, पहिलं रडलं ते परगावी.

परवा पॉलिटेक्निकच्या पोरांना घेऊन महेंद्रगिरीला जायचं आहे. भेटीची परवानगी हातात आली.

आपली,
सुमन


नागरकोविल, शुक्रवार

ती. बाबांस सा. नमस्कार.

आज पाहिलं. काय काय पाहिलं ते सगळं लिहिते, पत्र लांबलं तर आईला वाचून दाखवा.

नागरकोविल सोडलं की अरलवायमोळीची खिंड लागते. डोंगरांच्या फटीतून वारा असा घुसतो, की बसची काच धरून ठेवावी लागते. मुप्पंदलला पवनचक्क्यांचं रानच आहे. पुढे डावीकडे सह्याद्रीचं दक्षिण टोक, महेंद्रगिरी. मारुतीने लंकेला उडी घेतली ती महेंद्र पर्वतावरून, आणि तो हाच, असं इथले लोक मानतात. त्याच्या पायथ्याशी इस्रोचं चाचणी केंद्र आहे.

इथे उडी घ्यायची नाही, उलट घेऊ द्यायची नाही. इंजिन पोलादी सांगाड्यात जखडतात आणि पूर्ण ताकदीने पेटवतात. ते किती जोराने ढकलतं, ते वजनकाट्यासारखं यंत्र मोजतं. विकासचा जोर सुमारे ऐंशी टन. तुमच्या शॉपची क्रेन दहा टनांची होती ना? तशा आठ. ज्वाळा खालच्या वळणदार खोबणीतून बाहेर वळवतात आणि तिच्यावर पाण्याचा लोंढा सोडतात, नाहीतर ती खोबणीच उरणार नाही. दाब, तापमान, थरथर, सगळं क्षणाक्षणाला नोंदलं जातं, आणि एखादा आकडा हद्दीबाहेर गेला की झडपा मिटतात.

आता तुमच्या कामाचं. विकासला काडी लागत नाही. हायड्राझिनच्या जातीचं इंधन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड एकमेकांना भेटले की आपोआप पेट घेतात. दोन्ही विषारी. मग वेल्डिंगच्या टाक्यात केसाएवढी फट राहिली तर काय होईल? ते मी तुम्हांला काय सांगावं! एक्स-रेचा निकाल यायचा असला की त्या रात्री तुम्ही गप्प जेवायचात. आज सांगाड्यासमोर उभी राहिले आणि ती शांतता मला पहिल्यांदा कळली.

आज चाचणी नव्हती. फिल्म दाखवली. २०१८च्या जुलैत जास्त जोराचं विकास १९५ सेकंद चालवलं होतं. आमची पोरं सुरुवातीला कुजबुजत होती, मग आवाज बंद. सव्वातीन मिनिटं एकच ज्वाळा, न डगमगता. मी मनात आकडे मोजत होते आणि मधेच चुकले.

शीतइंधनाच्या इंजिनांचं एवढंच लिहिते, की त्यांचा हायड्रोजन उणे २५३ अंशांवर असतो. १५ एप्रिल २०१०ला जीएसएलव्ही रॉकेट पडलं, कारण शीतइंधनाच्या टप्प्याचा इंधनाचा पंप बंद पडला. पुढे इथे पुन्हा पुन्हा चाचण्या झाल्या, आणि ५ जानेवारी २०१४ला आपलं इंजिन वर जाऊन चाललं. मधली पावणेचार वर्षं याच डोंगराखाली गेली. मला त्या उड्डाणापेक्षा ही वर्षं मोठी वाटतात. पोरांना तेच सांगितलं. किती जणांना पटलं, माहीत नाही.

सुमन


गाडीत, रविवार

ती. बाबांस सा. नमस्कार.

आता कोकणातले बोगदे सुरू झालेत, अक्षर हलतं आहे.

कालपासून एकच डोक्यात आहे. ताडपत्री बांधून ट्रक गेटबाहेर पडला की तुमचा त्या जॉबशी संबंध संपायचा. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात एक विकास असतं, चांद्रयान-३ ज्यावर गेलं त्या रॉकेटच्या मधल्या टप्प्यात दोन. टीव्हीवर उड्डाण पाहताना तुम्ही ‘आपलं आहे हो’ एवढंच म्हणायचात आणि चष्मा पुसायला उठायचात. आम्ही कधी विचारलं नाही.

सोमवारी घरी पोहोचेन. भाकऱ्या टाकायला सांगा. आणि जेवणं झाली की वहीच्या मागच्या पानावर मला तो जॉब काढून दाखवा. टाका कुठून सुरू करायचात आणि कुठे संपवायचात, तेवढं बोटाने दाखवा.

सुमन