पितळेच्या भावात

वापरलेल्या नळाचे मोल कसे ठरवावे, हा विषय आमच्या सेमिनरीतील अभ्यासक्रमात नव्हता. तरीही सभागृहाच्या मोऱ्या आणि धर्मगुरुनिवासातील गळके नळ यांच्याशी आमचा जितका संबंध आला, तितका हिब्रू व्याकरणाशी आला नाही. म्हणूनच की काय, आमच्या धर्मग्रामातील एक तरुण प्लंबर मध्यंतरी एक जुना नळ पिशवीत घालून आमच्याकडे आला. मुंबईतील एका फ्लॅटचे स्वयंपाकघर नव्याने करताना त्याने तो काढला होता. घरमालकीणबाईंनी भंगाराचा भाव लावून तेवढी रक्कम त्याच्या मजुरीतून वळती करून घेतली होती. आता त्याला तो विकायचा होता.

नळाची पारख हातापासून सुरू होते. पितळेचा नळ आकाराच्या मानाने जड लागतो, जस्ताच्या मिश्रधातूचा हलका. लोहचुंबक दोहोंनाही चिकटत नाही, तेव्हा त्यावर विसंबू नये. नळ उलटा करावा आणि मुलामा जेथे पोहोचत नाही ती जागा पाहावी: पिवळी दिसते की करडी? तेथे तांबूस चट्टे असतील तर पाण्याने पितळेतील जस्त खाल्ले आहे असे समजावे. असा नळ वरून कितीही झळकला तरी आतून ठिसूळ झालेला असतो. क्षारांचा पांढरा थर मात्र निरुपद्रवी. तो पातळ केलेल्या व्हिनेगरने निघतो, फक्त मुलामा तडकला असेल तेथे आम्ल लावू नये. तारेच्या घासणीने तर कधीच घासू नये, आणि उत्साही विक्रेते नेमके तेच करतात!

या नळाच्या बुडाशी बारीक अक्षरांत ‘व्होला’ असे नाव होते. डेन्मार्कचे वास्तुशिल्पी आर्ने याकोब्सेन यांनी कोपनहेगनच्या राष्ट्रीय बँकेच्या इमारतीची स्पर्धा १९६१ साली जिंकली. त्यानंतर व्हेर्नर ओव्हरगार्ड हे कारखानदार त्यांच्याकडे एक कल्पना घेऊन गेले: नळाची सारी यंत्रणा भिंतीत दडावी, बाहेर केवळ तोटी आणि मूठ दिसावी. त्यातून १९६८ साली हे नळ घडले. त्याच घराण्यातील, सिंकवर उभा राहणारा आणि फिरत्या तोटीचा ‘केव्ही १’ न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९७४ साली आपल्या संग्रहात घेतला. आमच्या टेबलावर होता तो हाच प्रकार. या आकाराच्या नकला पुष्कळ झाल्या असल्याने आम्ही नुसत्या नावावर गेलो नाही; पण वजन, आट्यांची सफाई आणि मुठीची मऊ चाल, सारे काही खऱ्याचीच साक्ष देत होते.

किमतीचे गणित असे, की तळाला भंगाराचा भाव आणि माथ्याला नव्या नळाचा. मधली जागा नळाच्या पूर्णत्वावर ठरते. भिंतीतल्या नळाचा आतला भाग भिंतीतच राहिला असेल, तर हाती उरलेली देखणी तोटी जवळजवळ शोभेचीच. सुटे भाग मिळतात का, आतले कार्ट्रिज बदलता येते का, हेही पाहावे लागते. आणि दुसरे विक्रेते काय मागतात ते ऐकू नये, गिऱ्हाइकाने प्रत्यक्ष काय मोजले ते विचारावे. तरुणाचा नळ पूर्ण होता. भंगाराच्या कितीतरी पट रक्कम सहज आली असती.

येथे आम्हांला सेमिनरी आठवली. संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा’मध्ये खरेदी-विक्रीचा विचार केला आहे. न्याय्य किंमत ही सुईच्या टोकावर बसत नाही, तिचा अंदाजच बांधावा लागतो, हे ते मान्य करतात. परंतु विकणाऱ्याने अजाणता पितळ समजून सोने दिले आणि घेणाऱ्याला ते ठाऊक असेल, तर ती खरेदी अन्यायाची आणि भरपाई करणे त्याला बंधनकारक, असेही ते बजावतात. योगायोगाने उदाहरण पितळेचेच! संत ऑगस्टीन तर अशा एका माणसाची आठवण सांगतात, की ज्याने पोथीचे मोल न जाणणाऱ्या विक्रेत्याला आपण होऊन पुरते मोल दिले.

“पण फादर, घेताना मला तरी कुठे ठाऊक होते?” तरुणाने विचारले. प्रश्न रास्त होता. नकळत घेतले त्यात दोष नाही, हे आम्ही त्याला सांगितले. मात्र आता ते ठाऊक झाले आहे, हेही सांगितले. बहिणीच्या नर्सिंगची फी भरायची आहे, हे त्याने सांगितले नाही. ते आम्हांला आधीच माहीत होते.

दोन दिवसांनी तो नळ घेऊन मुंबईला गेला. बाईंनी सारे ऐकून घेतले, नळ परत ठेवून घेतला, वळती केलेली रक्कम दिली आणि वर येण्याजाण्याचे भाडे दिले. चहाही दिला.

“पुढच्या वेळी तुम्हांला दाखवायला आणणार नाही, फादर,” तो म्हणाला. तो हसत होता, पण पुरता नव्हे. फीच्या पहिल्या हप्त्याची तजवीज कशी करता येईल, याचा विचार मग आम्ही दोघे बसून करू लागलो.