खड्डे आमचे, सावली कुणाची?

झाडाला जात नसते, असे आम्हाला प्रशिक्षणात सांगितले गेले. खरे आहे. पण झाड ज्या जमिनीत लावायचे, त्या जमिनीला जात असते. हे आम्हाला मे महिन्याच्या एका दुपारी कळले.

समाजशास्त्रात एम.ए. करून आम्ही सामाजिक कामात आलो आणि मराठवाड्यात वृक्षलागवडीचे विभागीय समन्वयक झालो. राज्याची पन्नास कोटी वृक्षलागवड तेव्हा जोरात होती. २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी, असे उद्दिष्ट. जागा पाहायची, खड्डे मोजायचे, रोपवाटिकेतून रोपे आणायची, अहवाल भरायचा. काम मनापासून आवडत होते. सम्राट अशोकाने रस्त्याच्या कडेने वड लावले ते माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून, हे त्याच्या स्तंभलेखात कोरलेले आहे. आपणही तेच करतोय, असा आमचा समज होता.

यादीत एका गावाचे गायरान होते. शेरा, 'जागा रिकामी'. मे महिन्यात कोरडवाहू रान रिकामेच दिसणार! पेरणी व्हायची ती पाऊस पडल्यावर. आम्ही मात्र तेवढे पाहून मान्यता दिली. खड्डे खणायला आलेले मजूर बौद्धवाड्यातलेच होते. दुसऱ्या दिवशी एक आजी आल्या. आम्ही जयभीम घातला. त्या म्हणाल्या, "जयभीम म्हणतूस लेकरा, अन् माझ्याच वावरात खड्डं खंदतूस व्हय?"

त्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. आत अतिक्रमणाच्या दंडाच्या जुन्या पावत्या. ज्या पावतीने सरकारने त्यांना गुन्हेगार ठरवले, तीच आज जमीन कसल्याचा त्यांचा एकमेव पुरावा होती.

इतिहास आपल्याला माहीत आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पुढे १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने घेतला. तरी किती जणांची नावे आजही सातबाऱ्यावर नाहीत! अशा जमिनीवर एकदा झाडे उभी राहिली की कसणाऱ्याचा ताबा संपतो. पोलीस लागत नाहीत, बुलडोझर लागत नाही. रोप पुरते. वर विरोध केला तर तुम्ही पर्यावरणाचे शत्रू!

आम्ही काम थांबवले. वरिष्ठ म्हणाले, उद्दिष्टाचे काय? आम्ही तलाठ्याकडे जाऊन गाव नमुना एक-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, मागितली. आजींच्या नवऱ्याचे नाव त्यात होते. मान्यता देण्याआधी ही वही पाहणे आमचेच काम होते. ते आम्ही केले नव्हते. दोष यादीचा होता, तसा आमचाही होता.

खड्डे बुजवले. बरीच भांडाभांडी झाल्यावर झाडे बांधावर लावायचे ठरले. चिंच, करंज, कडुनिंब. पाणी घालायचे काम आणि त्याची मजुरी त्याच कुटुंबांना मिळाली. भर उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी आणून त्यांनी झाडे जगवली, कारण बांध त्यांचा होता. सातबाऱ्यावर नाव मात्र अजून लागलेले नाही. म्हणून हा विजय म्हणता येत नाही.

आमचा वाद झाडांशी नाही. दुष्काळ आधी आपल्याच वस्तीत येतो, त्यामुळे झाड सर्वांत आधी आपल्याला हवे. पण जागा ठरवण्याआधी एक-ई नोंदवही तपासली पाहिजे आणि ग्रामसभेत कसणाऱ्याला विचारले पाहिजे. झाड जगवण्याची मजुरी आणि झाडाचे फळ, दोन्ही त्याच हाताला मिळाले पाहिजे. खड्डे खणायला आपली माणसे आणि सावलीत बसायला दुसरी, ही वाटणी जुनी आहे. तिला हिरवा रंग दिला म्हणून ती न्याय्य होत नाही.

तरुण मित्रांनो, वनरक्षक व्हा, वनक्षेत्रपाल व्हा, त्या खुर्चीत जरूर बसा. पण सही करण्याआधी वही वाचा. आणि आज नोकरी नसेल तर आपल्या गावची एक-ई नोंदवही मागा. पाऊस येण्याआधी मागा. नंतर तिथे रोप उभे असेल.

जयभीम!