पायताणाची माती

परवा आमच्या चर्चच्या चालण्याच्या गटातले एक नवे गृहस्थ ब्रश टाळून तसेच पुढे निघाले. मी त्यांना दंडाला धरून मागे आणलं. रागच आला मला.

ऑकलंडच्या पश्चिमेला पिहाजवळ, किटेकिटे धबधब्याच्या वाटेच्या तोंडाशी हे ब्रश आहेत. आधी बुटाचा तळवा घासायचा, मग जंतुनाशकाचा फवारा, मगच रानात पाऊल. कारण इथला कौरी वृक्ष मरतोय. मातीतला एक सूक्ष्म जीव त्याची वरवरची बारीक मुळं कुजवतो आणि बुटाला चिकटलेल्या चिमूटभर मातीतून पुढच्या झाडापर्यंत पोचतो. शेकडो वर्षं उभा असलेला वृक्ष बुंध्यातून डिंक गाळत वाळत जातो. 2017 च्या डिसेंबरात 'ते कावेराऊ आ माकी' या इथल्या माओरी लोकांनी वाईताकेरेच्या या रानावर राहुई जाहीर केली : रान सावरेपर्यंत कुणी आत जायचं नाही. महापालिकेने जंगल बंद केलं ते त्यानंतर, 2018 च्या मे महिन्यात. आम्ही चालतो ती वाट आता पुन्हा खुली आहे.

ब्रश फिरवताना मला आजोबाच दिसतात. नगर जिल्ह्यातलं आमचं गाव, पावसाळ्यातला रविवार. आत चर्चमध्ये पेटीवर रेव्हरंड टिळकांची भजनं चाललेली, आणि आजोबा बाहेर ओट्यावर उकिडवे बसून बाभळीच्या काटकीने एकेका चपलेची काळी माती खरवडायचे, जोड लावून ठेवायचे. एका म्हाताऱ्या बाईंची अंगठा शिवलेली वहाण ते धोतराच्या सोग्याने पुसायचे. भजनाचं धृपद आलं की तिथूनच सूर मिळवायचे. शहरातून येणारी मोठी माणसं मात्र बुटांसकट थेट पुढच्या खुर्चीपर्यंत जायची. सतरंजीवर ठसे उमटायचे, कुणी चकार शब्द काढायचं नाही. माझा तो राग अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये.

तसेच ठसे इथेही आहेत. 1814 च्या नाताळात मिशनरी सॅम्युअल मार्सडेन यांनी न्यूझीलंडच्या ओइही उपसागराच्या काठी उपासना चालवली, हे आमच्या गटात सगळ्यांना पाठ आहे. 1820 मध्ये तेच मार्सडेन 'ड्रोमेडरी'तून इथे आले. ते जहाज डोलकाठ्यांचं लाकूड न्यायला आलं होतं, हे मात्र कुणी सांगत नाही. शुभवर्तमान आणि कुऱ्हाड एकाच जहाजातून उतरली. पुढे पिहाला रेल्वेखात्याची लाकडाची गिरणीही चालली. त्या तोडीतून वाचलेल्या आणि नंतर रुजलेल्या झाडांखालून आम्ही दुपारभर चालतो.

रान संपलं की पिहाची काळी, लोहमिश्रित वाळू लागते. तिथे सगळे आपणहून बूट काढतात. आमचे पाळक समुद्राकडे तोंड करून प्रार्थना करतात. परवा मी त्यांना म्हटलं, पाळकसाहेब, प्रार्थना इथे नको, ब्रशपाशी करू या. ते लगेच हो म्हणाले.

ब्रश खरं तर घरूनच सुरू व्हायला हवा. मुलांकडे न्यूझीलंडला येणारे आईवडील फोनवर विचारतात, येताना काय आणू? लोणच्या-मसाल्यांचं नंतर बघू. आधी बुटांचे तळवे घासा, धुवा, कडकडीत वाळवून बॅगेत भरा, आणि शेतात-रानात वापरलेले बूट असतील तर न्यूझीलंड-प्रवेशाच्या अर्जात तसं न चुकता लिहा.